बहात्तराव्या मापात

स्टीलच्या ताटात टिक् असा आवाज झाला आणि संघमित्राने चिमटा तसाच हवेत धरून आतल्या खोलीकडे पाहिलं. पलंगावर सोनमने कूस बदलली, झोपेतच दोनदा ओठ चोखले आणि ती परत निवांत झाली. खाली बोनकोड्याच्या गल्लीत दुपारच्या जेवणानंतरची सामसूम होती. पंखाही बंद होता. वाऱ्याने भाग उडतात म्हणून संघमित्रानेच तो बंद केला होता, आणि तिच्या मानेवरून घाम ओघळत होता.

ती नेहमी ताटातच काम करायची. लग्नात मिळालेलं, काठावर अभयचं नाव कोरलेलं मोठं ताट. फरशीवर पडलेला भाग परत सापडत नाही, आणि सापडलाच तर तो सोनमच्या तळपायाला चिकटलेला सापडतो.

तिने बोटाचं टोक जिभेला लावलं आणि ताटावरून हलकेच फिरवलं. बोटाला एक कण चिकटून आला. भिंगाखाली धरल्यावर ते झाकण दिसलं. चार कोपऱ्यांना चार स्क्रू, मागच्या कडेला बिजागरी. लढाऊ विमानाच्या पोटाला असतं तसं. तिनेच ते कॉम्प्युटरवर काढलं होतं आणि तळवलीच्या सौरभने त्याच्या थ्री-डी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापून दिलं होतं. देताना तो म्हणाला होता,

"मॅडम, प्रिंट झालंय. पण शोधायचं तुमी. रव्याचा दाणा आहे नुसता."

तेव्हा ती हसली होती.

आता तिने मॉडेलचं वीतभर लांबीचं प्लॅस्टिकचं विमान उलटं धरलं, झाकण चिमट्याने त्याच्या पोटावर बसवलं, वर राखाडी रंगाचा पातळ हात दिला. रंग वाळायची वाट पाहून ती खिडकीशी गेली. झाकण दिसेना. तिने विमान कलतं केलं, उजेड आडवा पडू दिला, डोळा अगदी जवळ नेला. मग डोळे मिटून बोट फिरवलं. बोटालाही काही लागलं नाही.

ती खिडकीतच उभी राहिली.

सोनम होण्याआधी ती रबाळ्याच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होती. माप ही गोष्ट तिच्या हाडात भिनलेली. खऱ्या विमानाच्या बहात्तरपट लहान मॉडेलमध्ये काय उरेल आणि काय पुसलं जाईल, हे ती कुठलाही भाग काढण्याआधी बघायची. पण पडद्यावर सगळंच मोठं करता येतं. हे झाकण तिने तळहाताएवढं करून काढलं होतं, स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचेसकट. आणि ते मापात बसवून बघायचं ती विसरली होती, कारण मागणारे अरविंदकाका होते.

अरविंदकाका हे विमानवाल्यांच्या ग्रुपमधले. ग्रुप म्हणजे खोक्यातून आलेली प्लॅस्टिकची विमानं जोडणारी मोठी माणसं. कुणी डॉक्टर, कुणी निवृत्त मास्तर, एक तर सांगलीचा हळदीचा व्यापारी. खोक्यातलं विमान कधीच पूर्ण बरोबर नसतं. चाक जिथे आत जातं त्या खोबणीचा रंग चुकीचा सांगितलेला असतो, एखादी पट्टी नसते, एखादी उगीचच असते. ते शोधून काढायचं काम संघमित्रा करायची. गावोगावच्या चौकांत सिमेंटच्या खांबांवर चढवून ठेवलेल्या निवृत्त विमानांचे फोटो मागवायची, एकावर एक ठेवून बघायची आणि कुणाच्याच लक्षात न आलेली एखादी बारीक गोष्ट हुडकून तिची ड्रॉइंग करून द्यायची. तिने दाखवलेल्या, विमानाच्या शेपटाखालच्या एका पट्टीवरून ग्रुपमध्ये आठवडाभर भांडण झालं होतं आणि शेवटी तीच बरोबर ठरली होती.

ती 'एस. मित्रा' या नावाने लिहायची. वर्षभर सगळ्यांना वाटत होतं की हे कुणी बंगाली गृहस्थ आहेत. "मित्रा सर, दंडवत," असं हळदवाला लिहायचा. अभय ते वाचून खोखो हसायचा. "मित्रा सर, चहा टाकता का?"

अरविंदकाकांनी मात्र ओळखलं होतं. एकदा त्यांनी वेगळा मेसेज पाठवला होता. 'तुमचे मेसेज रोज दुपारीच येतात, आणि मधेच वाक्य अर्धं सोडून तुम्ही गायब होता. घरात लहान मूल आहे ना? तुम्ही आई आहात.' ते वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दिवसभर घासणं, भरवणं, धुणं, आणि त्यातून चोरलेली ही दुपार कुणाला तरी दिसली होती. ते नागपूरला एकटे राहतात, मुलगी परदेशात, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यानंतर ती त्यांना सगळं सांगू लागली. सोनमचा ताप, अभयच्या शिफ्ट, कुकरची शिट्टी.

खिडकीतून ती परत आली आणि फोन घेऊन जमिनीवर बसली. अरविंदकाकांचे मेसेज तिने खालून वर नेले, मग वरून खाली वाचत आली. आधीचे प्रश्न चौकातल्या विमानांचे होते. नंतर कधीतरी ते आज उडणाऱ्या विमानाकडे वळले होते, आणि ते कधी वळले हे तिला आत्ता शोधावं लागलं. 'माझ्याकडे नव्या विमानाचं खोकं आलंय, पोटाखालचं काहीच धड नाही त्यात.' तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने अश्विनला विचारलं होतं. अश्विन तिचा धाकटा भाऊ. एअरफोर्समध्ये, विमानाच्या देखभालीवर. ग्रुपवर आणि काकांकडेही तिने त्याचा उल्लेख कायम 'एक ओळखीचे' असाच केला होता, एवढी अक्कल तिला होती.

'झाकण कुठल्या बाजूला उघडतं?' अश्विनने हसत आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. "ताई, तू पण ना. माझे साहेब एवढं बारीक विचारत नाहीत. मागे उघडतं."

'मी देखावा करतोय, विमानाभोवती माणसं उभी करायची आहेत. झाकण उघडं असताना कोण कुठे उभं असतं?' गणपतीत करतात तसा छोटा देखावा, विमान आणि त्याच्या भोवती बोटाच्या पेराएवढी माणसं. पुष्कळ जण करतात. तेही तिने विचारून दिलं होतं.

'झाकण उघडल्यापासून बंद होईपर्यंत साधारण किती वेळ जातो?'

तिचा अंगठा त्या ओळीवर थांबला. हाही प्रश्न तिने अश्विनला जसाच्या तसा पाठवला होता. त्याने एका ओळीत उत्तर दिलं होतं, तिने ते पुढे पाठवलं होतं, आणि अरविंदकाकांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं.

ताटात ते विमान आडवं पडलं होतं. त्याच्यावरचं झाकण कधी उघडणार नव्हतं. देखाव्यातल्या माणसांना कुठे जायचं नव्हतं. तिथे वेळ कशाला हवा होता?

आत सोनम उठली होती. "आई, पंखा," ती म्हणाली. संघमित्राने पंखा लावला. टेबलावर ठेवलेला पॉलिश पेपरचा तुकडा उडून फरशीवर गेला, तो तिने उचलला नाही. सोनमला दूध देऊन, तिच्या पुढ्यात बिस्किटं ठेवून तिने मेसेज लिहिला.

'काका, बहात्तराव्या मापात हे झाकण दिसतच नाही. तुम्ही कुठल्या मापात करताय?'

उत्तर लगेच आलं.

'मोठ्या.'

आणि पाठोपाठ दुसरं.

'पाऊस असला तर हे काम कुठल्या शेडमध्ये करतात, तेवढं एक राहिलंय. अश्विनला विचारा ना. तुम्हाला तो नाही म्हणणार नाही.'

सोनम बिस्किट दुधात बुडवत होती. बिस्किट तुटून कपात पडलं आणि ती रडवेली होऊन आईकडे बघू लागली. संघमित्राने चमच्याने तो लगदा काढून तिला भरवला. मग फोनमध्ये तिने 'अश्विन' हे नाव शोधायला टाकलं. त्या सगळ्या बोलण्यात ते एकदाच आलं होतं, आत्ताच्या ओळीत.

दारावर थाप पडली आणि ती दचकून उभी राहिली.

"संगमित्रा, गो, झोपलीस का?"

खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण सगुणाबाई होत्या. हातात वालाच्या शेंगांची पिशवी. ही सगळी बिल्डिंग त्यांच्याच जुन्या घराच्या जागेवर उभी होती, आणि रोज कुठल्या ना कुठल्या निमित्ताने त्या एकेका भाडेकरूकडे चक्कर टाकायच्या.

"या ना मावशी."

"बसत नाय. शेंगा घे. ताज्या हान." त्यांनी आत डोकावून ताटाकडे पाहिलं. "आजून तुजी इमानाच चाललीत? नवऱ्याला जेवाला घालतंस का इमानाच वारतंस?"

संघमित्रा हसली नाही. सगुणाबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं.

"काय झाला गो? तोंड पांढरा पडलाय."

"काही नाही. मावशी, माझ्याबद्दल कुणी विचारायला आलं होतं का?"

"आलता की. परवा. मी तेच सांगाला आली." त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. "कुरियरवाला हाय बोलला. पन हातान पाकीट ना बिकीट. चांगला शर्ट घातलेला. मना बोलतं कसा, वरची बाई इमानाची कामा करतं ना? मी बोलली, करतं, लई हुशार हाय. मंग बोलतं, तिचे घरान कोन इमानावर हाय का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"खरा तेच. भाऊस हाय, एअरफोर्सला. दिवालीला आलता तवा माज्या पाया परला, येवरा मोठा सायब झाला तरी." सगुणाबाईंचा चेहरा त्या आठवणीने उजळला आणि मग संघमित्राकडे बघून हळूहळू विझला. "नाव इचारलान, मी सांगितला. सांगाचा नव्हता का?"

संघमित्राने शेंगांची पिशवी छातीशी धरली. पत्ता तिनेच दिला होता. गेल्या महिन्यात अरविंदकाकांनी काही भाग मागवले होते, आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव, मजला, सगळं तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. ड्रॉइंगवर लिहितात तसं.

"नाही मावशी. तुमचं काही चुकलं नाही."

त्या गेल्यावर तिने कडी लावली, मग वरची कडीही लावली.

अश्विनचा फोन संध्याकाळी लागला. मागे कुणीतरी व्हॉलीबॉल खेळत होतं, चेंडूचे आवाज येत होते.

"बोल ताई. आज कुठला स्क्रू पाहिजे?"

तिने सांगायला सुरुवात केली. एखादी ड्रॉइंग समजावून द्यावी तसं, एकापुढे एक. झाकण, माणसं, वेळ, शेड, कुरियरवाला. मधे तो एकदाच म्हणाला, "थांब." मग चेंडूचे आवाज दूर गेले. तो चालत कुठेतरी एकीकडे गेला असावा.

"मेसेज ठेवलेस ना सगळे?"

"ठेवलेत."

"त्याला आता काही लिहू नको. काहीच नको. ब्लॉक पण नको करू."

"अश्विन, मी खरंच मॉडेलसाठी..."

"ते मला माहितीये ना, ताई." त्याचा आवाज अगदी मऊ होता, ती लहानपणी त्याला शाळेत सोडून मागे वळायची तेव्हा तो जसा बोलायचा तसा. "तू फक्त विचारलंस. बोललो मी. मला तिथेच कळायला पाहिजे होतं. वेळ विचारलास तेव्हा."

"मग आता?"

"आता मला वर सांगायला लागेल."

सोनम तिच्या ओढणीचं टोक ओढत होती. संघमित्राने ते सोडवून घेतलं नाही.

"न सांगता नाही का चालणार?" ती म्हणाली. म्हणता म्हणताच तिचा चेहरा गरम झाला.

"ताई," एवढंच तो म्हणाला.

"तुझी नोकरी जाईल?"

"नुसती नोकरी गेली तर बरं म्हणायचं." तो हसल्यासारखा आवाज करून थांबला. "तुझ्याकडे पण येतील कुणीतरी. विचारतील. खरं सांग सगळं. आणि आईला काही बोलू नको."

त्यांची आई, दुर्गाबाई, उदगीरला होती. तिच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली अश्विनचा युनिफॉर्ममधला फोटो होता, आणि पाव्हणा कुणीही येवो, पाण्याच्या आधी त्याला तो फोटो दाखवला जायचा.

"जे येतील, ते तुमचेच कशावरून?" संघमित्राने विचारलं. "तो कुरियरवाला आला तर?"

याचं उत्तर द्यायच्या आत पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली. "ठेवतो," तो म्हणाला.

अभय कामावरून आला तेव्हा दिवे लावलेले नव्हते. तिने त्याला सगळं सांगितलं. तो बूट न काढता खुर्चीवर बसला आणि ताटातल्या विमानाकडे बघत राहिला.

"डिलीट मार सगळं," तो म्हणाला.

"डिलीट केलं तर काहीतरी लपवलं असं होईल. मेसेज आहेत तसेच मी तुझ्यासाठी किंवा माझ्यासाठी नाही ठेवत. त्यात दिसतं की अश्विनला काही माहीत नव्हतं."

अभयने मान हलवली. मग उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच थोडा वेळ उभा राहिला. त्याने एकदाही 'मित्रा सर' म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून अश्विनचा फोन बंद होता. अरविंदकाकांचा मात्र मेसेज आला. 'काही अडचण आहे का?' थोड्या वेळाने अजून एक. 'बाळ बरं आहे ना?' तिने फोन पालथा घातला.

अभयने सुट्टी टाकली होती. वाशीला त्याच्या ओळखीचा एक वकील होता, त्याला गाठायला तो दुपारी निघाला. दारात थांबून म्हणाला,

"मी येईपर्यंत उघडू नको. कुणी पण असू दे. पोलीस म्हणाले तरी आधी मला फोन कर."

"आणि खरंच पोलीस असले तर?"

"तरी फोन कर."

सोनम त्या दुपारी झोपलीच नाही. घरातलं काहीतरी बदललंय हे तिला कळलं होतं आणि ती आईच्या मागे मागे, तिच्या मांडीला घासून चालत होती. संघमित्राने पडदे ओढले. टेबलावरचं ताट उचलून कुठे ठेवावं ते तिला सुचेना. ओट्यावर ठेवलं, तिथून उचलून फ्रिजवर ठेवलं, मग तेही बरं दिसेना म्हणून विमान बाजूला काढून ताट घासून टाकलं. नळ बंद केला तेव्हा जिन्यात पावलं वाजत होती. दोघांची. पहिल्या मजल्यावर ती थांबली नाहीत.

बेल वाजली.

संघमित्राने सोनमला उचललं आणि ओठांवर बोट ठेवलं. सोनमने लगेच स्वतःच्या ओठांवरही बोट ठेवलं, डोळे मोठे केले. तिला हा खेळ आवडला होता. दारापर्यंतची चार पावलं संघमित्रा अनवाणी, टाचा न टेकवता गेली आणि तिने दाराच्या भिंगाला डोळा लावला.

दोन माणसं होती. साधे शर्ट, साधी पँट, पायांत बूट. एकाच्या हातात फोन होता. गणवेश नव्हता, पाकीट नव्हतं, काहीच नव्हतं. चेहरे बँकेतल्या माणसांसारखे. तिने त्यांच्या अंगावर काहीतरी शोधलं, एखादा बिल्ला, एखादी पट्टी, ज्यावरून एक माणूस दुसऱ्यापासून वेगळा काढता येईल. काही सापडलं नाही.

"संघमित्रा मॅडम?" पुढचा म्हणाला. चांगला, शांत आवाज. "दोन मिनिटं बोलायचं होतं."

दुसरा माणूस दाराकडे बघतच नव्हता. तो खाली बघत होता, उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या चपलांकडे. तिच्या चपला, आणि त्यांना चिकटून सोनमच्या, गुलाबी पट्ट्यांच्या. तो वाकला, त्या लहान चपलांकडे नीट बघितलं, मग वर बघून पहिल्याकडे नुसती मान हलवली.

संघमित्रा मागे सरकली. पाठ भिंतीला लागली तशी ती हळूहळू खाली बसली, सोनमला पोटाशी घेऊन. फोन आतल्या खोलीत राहिला होता. तिथपर्यंत जायचं तर दारासमोरून जावं लागणार होतं, आणि दाराखालच्या फटीतून बाहेरच्या उजेडात दोन जोड बूट दिसत होते, न हलणारे.

बेल परत वाजली.

सोनमने आईच्या कानाला तोंड लावलं. तिचा श्वास गरम होता, दुधाच्या वासाचा.

"आई," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आपण कुणापासून लपलोय?"